बायका नसलेली वंशावळ

लातूरचा टेंपो दारात येऊन थांबला तेव्हा किशनराव दाढी करत होते. अर्ध्या गालावर साबण तसाच ठेवून ते खिडकीशी गेले. टेंपोतून आधी मळक्या गोधड्यांचा ढीग उतरला, मग धुण्याने गच्च भरलेल्या दोन पाट्या, मग निळे रिकामे ड्रम, मग सुना, लेकरं, आणि सगळ्यात शेवटी ड्रायव्हरशेजारच्या सीटवरून त्यांचा मेहुणा केरबा. सोळा वर्षांत तो चांगलाच सुटला होता. किशनरावांच्या थोरल्या लेकीच्या, गयाच्या तेरवीला, पंगत उठायच्या आधीच, ह्याच दारातून तो अनवाणी निघून गेला होता, तो आज येत होता.

"रक्त द्यायला आलेत का धुणं धुवायला?" किशनरावांनी आरशाकडं बघत विचारलं.

"दोन्हीला," स्वयंपाकघरातून त्यांची बायको नागुबाई म्हणाल्या. "तिकडं पंधरा पंधरा दिवस नळ येऊन न्हाई राहिला. आपल्या बोअरला पाणी हाय म्हणल्यावर माणसानं काय करावं?"

"जिल्ह्याचं गाव म्हणून मिरवायचं आन् अंघोळीला तालुक्याला यायचं."

माहेरची माणसं सोळा वर्षांनी दारात आली होती आणि नागुबाईंना आज कुणाशी वाद घालायचा नव्हता. त्यांनी पदराला हात पुसले आणि त्या जवळजवळ पळतच बाहेर गेल्या. किशनरावांनी उरलेला गाल उरकताना हनुवटीला कापून घेतलं.

हे सगळं तारामतीनं घडवून आणलं होतं. तारामती म्हणजे गयाची मुलगी. आई गेली तेव्हा दहा वर्षांची होती. तेव्हापासून ती आजी-आजोबांकडं मुखेडातच वाढली आणि आता नांदेडच्या विद्यापीठात कॅन्सरवर पीएच.डी. करत होती. विष्णुपुरीला खोली घेऊन राहायची. किशनरावांनी तहसीलसमोरच्या हॉटेलात चहा पिता पिता ही बातमी अख्ख्या तालुक्याला पोचवली होती. परिणाम असा झाला, की लोक आपापले दवाखान्याचे रिपोर्ट घेऊन किशनरावांकडंच येऊ लागले. चौतीस वर्षं तलाठी राहिलेला माणूस. समोर कागद आला की हात शिवशिवायचे. ते रिपोर्ट वरपासून खालपर्यंत वाचत, मान हलवत आणि सवयीनं कोपऱ्यात 'पाहिले' असं लिहून खाली सही ठोकत. एका पेशंटच्या फायलीवर ती सही बघून नांदेडच्या डॉक्टरांनी विचारलं होतं म्हणे, हे किशनराव कोण नवे स्पेशालिस्ट?

पण फेब्रुवारीत तारा घरी आली ती वेगळंच घेऊन. गयाच्या ऑपरेशनच्या वेळी काढलेल्या गाठीचा एक तुकडा, मेणाच्या वडीत बसवून, दवाखान्याच्या तळघरात इतकी वर्षं पडून होता. तारानं तो शोधून काढला, तिच्या सरांनी तो तपासायला घेतला आणि त्यात एक बदल सापडला.

"बदल म्हणजे काय?" किशनरावांनी विचारलं होतं.

"आबा, सातबारा हातानं उतरवून घेताना एक आकडा चुकला तर?"

"तर पुढच्या दर साली तोच चुकीचा उतरतो. लई बघितले मी."

"तसंच. शरीरात एक मजकूर असतो, त्यात एक अक्षर चुकलंय. आईला ते आजीकडून आलं असणार, नाहीतर तुमच्याकडून. कुठल्या बाजूनं आलं ते कळलं तर त्या बाजूच्या बायकांना वेळेवर तपासता येईल. सुमनमावशीला, तिच्या मुलींना. गाठ हाताला लागायच्या आधी सापडली तर माणूस वाचतो, आबा. नुसतं कागद छापायला नाही करत मी हे."

सातबाऱ्याचा दाखला किशनरावांना एवढा आवडला की दुसऱ्या दिवशी हॉटेलात त्यांनी तो स्वतःचा म्हणून सांगितला. आणि कुठल्या बाजूनं आलं, ह्याची चौकशी करायची त्यांना काही गरजच वाटत नव्हती. ते त्यांनी सोळा वर्षांपूर्वीच ठरवून टाकलं होतं. केरबाची बायको मल्लम्मा छातीच्या गाठीनं गेली, त्यानंतर चार वर्षांनी गया गेली. दोन आणि दोन चार. तेरवीच्या दिवशी, भरल्या पंगतीत, किशनराव मेहुण्याच्या तोंडावर म्हणाले होते, "तुमच्या रक्तानं माझी लेक खाल्ली." नागुबाई तेव्हा हातात वरणाची बादली घेऊन उभ्या होत्या.

केरबा निघून गेला. नागुबाईंना कुठं जाता येत होतं? त्या राहिल्या आणि ते वाक्यही घरात राहिलं. भाजीत मीठ जास्त पडलं, लातूरचं रक्त. श्रीमंत, म्हणजे त्यांचा मुलगा, बारावीला गचकला, लातूरचं रक्त. एकदा तर म्हैस आटली तेव्हासुद्धा किशनराव तेच म्हणणार होते, पण म्हैस देगलूरच्या बाजारातली निघाली.

आज मात्र निकाल लागणार होता, म्हणून किशनरावांनी तयारी पक्की केली होती. आपल्या बाजूची साक्ष म्हणून थोरल्या बहिणीला, गुणाबाईला, बाऱ्हाळीहून बोलावून घेतलं होतं. पंच्याहत्तर वर्षांची गुणाबाई सकाळपासून पलंगावर पाय सोडून मिशरी लावत बसली होती आणि "मला कामून आणलं रे किशना?" असं दर अर्ध्या तासाला विचारत होती.

"आपल्या घराण्यात हा रोग न्हाई, येवढं सांगायचं."

"आन् जेवण?"

"जेवण हाय की."

"मग बसते."

तारा नांदेडहून दहाच्या बसनं आली. तिच्याबरोबर रक्त घेणारी एक सिस्टर होती आणि बर्फाचा डबा. तोवर मागच्या अंगणात मोटर सुरू झाली होती. लातूरकर मंडळी पाळीपाळीनं न्हात होती. चार सुना गोधड्या बडवत होत्या. एप्रिलचं ऊन, बोअरचं पाणी आणि साबणाचा फेस बघून शेजारच्या दोन घरांतल्या बायाही कळश्या घेऊन आल्या आणि किशनरावांना ह्या गर्दीत पाहुणे कोण आणि शेजारी कोण तेही कळेना.

केरबाशी बोलायचं नाही हे ठरलेलं होतं. पण बोलायचं तर खूप होतं. त्यांनी धाकट्या मुलीला मधे घेतलं. सुमन चव्वेचाळीस वर्षांची, उदगीरला दिलेली, सगळ्यांचं सगळं ऐकून घेणारी बाई.

"सुमन, तुझ्या मामाला सांग, मोटर एकच तास चालते. मग बोअर दम टाकतो."

केरबा नुकताच न्हाऊन आला होता. टॉवेलनं डोकं खसाखसा पुसत तो म्हणाला, "सुमन, तुझ्या बाबाला सांग, आमच्याकडं आता रेल्वेनं पाणी येऊन राहिलं. असं हाय का कोणत्या तालुक्यात?"

"सुमन, त्याला म्हणाव, पाणी रेल्वेनं आणावं लागलं ही सांगायची गोष्ट न्हाई, झाकायची हाय. आन् उद्या उदगीर जिल्हा झाला की तुमचं लातूर अर्धं होतंय."

"हाव, आन् मुखेड उदगिरात घातलं तर? नांदेड सुटंल, गोदावरी सुटंल. मग बसा बोंबलत!"

"मुखेड कुणाच्या बापाला हलवता येत न्हाई!"

"मामा, बाबा," सुमन म्हणाली, "तुम्ही दोघं एकमेकांकडं बघूनच बोलून राहिलेत. मी भाजी निवडायला जाऊ का?"

केरबानं टॉवेल झटकला आणि पाण्याचे थेंब किशनरावांच्या धोतरावर उडाले. तो अपमान की अपघात हे त्यांना ठरवता आलं नाही.

तारानं माजघरात सतरंजीवर मोठा पांढरा कागद पसरला. "आधी वंशावळ काढू, मग रक्त," ती म्हणाली. "पुरुषाला चौकोन, बाईला गोल. ज्याला कॅन्सर झाला त्याचं चिन्ह काळं करायचं. नावं बाहेर जाणार नाहीत आणि ज्याला नको असेल त्यानं सही करू नये."

"वंशावळ तयार हाय," किशनराव म्हणाले. ह्या क्षणाची ते आठवडाभर वाट बघत होते. कपाटातून त्यांनी पुठ्ठ्याची फाईल काढली. आत फुलस्केप कागदावर, लाल-निळ्या शाईत, पट्टीनं रेघा ओढून, मूळपुरुष व्यंकटरावांपासून चार पिढ्या उतरवलेल्या होत्या. हयातभरात त्यांनी हजार वंशावळी केल्या असतील, पण एवढी देखणी एकही नव्हती. खाली सही होती आणि सेवानिवृत्त असूनही शिक्का होता.

तारानं कागद बघितला. मग उलटून मागं बघितलं.

"आबा, ह्यात बायका कुठं आहेत?"

"बायका?"

"व्यंकटरावांना अण्णाराव. अण्णारावांना तुम्ही आणि पंढरीआजोबा. तुम्हाला श्रीमंतमामा. माझी आई कुठं आहे?"

किशनरावांनी चष्मा सारखा केला आणि कागदाच्या तळाशी बोट ठेवलं. तिथं बारीक अक्षरात लिहिलं होतं : लेकी लग्न होऊन नांदायला गेल्या.

"हाच दस्तूर हाय," ते म्हणाले. "लेक दिली की तिचं नाव तिकडच्या कागदावर."

"तिकडच्या कागदावर तरी असतं का?" भाजी निवडता निवडता सुमननं विचारलं.

तारानं ती देखणी वंशावळ बाजूला ठेवली आणि कोऱ्या कागदावर लातूरची बाजू काढायला घेतली. केरबा मांडी ठोकून समोर बसला. त्याची आई नव्वदाव्या वर्षी झोपेत गेली. दोन मावश्या, दोघी धडधाकट म्हाताऱ्या होऊन मेल्या. बहिणी तीन, नागुबाईसकट तिन्ही जिवंत, त्यातली एक आत्ता मागं गोधडी बडवत होती. गोल, गोल, गोल. सगळी कोरी.

"मल्लम्मा राहिली!" किशनरावांनी मांडीवर थाप मारली. "तिचं गोल कर काळं. पाट्टदिशी."

तारानं केरबाच्या चौकोनाशेजारी गोल काढलं आणि काळं केलं. मग मान वर केली. "मल्लम्माआजी कुठल्या, मामाआजोबा?"

"निलंग्याकडच्या."

"आपल्या नात्यातल्या?"

"न्हाई. नवी सोयरीक होती."

"म्हणजे लग्न होऊन नांदायला आलेल्या," तारा सावकाश म्हणाली. "मग आबा, त्यांचं रक्त आजीमध्ये कसं आलं?"

मागं धोपटण्याचे आवाज तेवढे येत होते. किशनराव त्या काळ्या गोलाकडं बघत राहिले. गोलातून केरबाकडं एक आडवी रेघ जात होती आणि तिथंच संपत होती. नागुबाईकडं जाणारी रेघच नव्हती. वारसाच्या कागदावर भावजयीचा संबंध नणंदेशी लावला असता तर त्यांनी स्वतः तो कागद फेकून दिला असता. सोळा वर्षं त्यांनी रोज हीच चूक केली होती आणि एकदाही कागदावर मांडून बघितली नव्हती.

केरबानं विजयाची संधी साधायला हवी होती. तो नुसताच टॉवेलची घडी घालत बसला.

"बरं, आता आपली बाजू," तारा म्हणाली. "तुमच्या आईचं नाव?"

"साखराबाई. पण तिला काय न्हाई. ती बहात्तरच्या दुष्काळात तापानं गेली. दाखला हाय माझ्याकडं."

"ताप कसला रे किशना," पलंगावरून गुणाबाई म्हणाली.

सगळ्यांनी वर बघितलं. गुणाबाईनं तोंडातली मिशरी पिंकदाणीत टाकली, चूळ भरली, पदरानं ओठ टिपले. तिला घाई नव्हती.

"माईच्या छातीला गाठ होती. लिंबायेवढी. मग फुटली. खडीच्या कामावर जायची तर फडकं घट्ट बांधून जायची. बाप्ये कामावर गेले की मी ते फडकं सोडवून धुवायची, हळद भरायची, दुसरं बांधायची. आठ म्हैने. ताप आला तो शेवटचे चार दिवस."

"तू... तू मला कधी सांगितलं न्हाईस?"

"माय म्हणली, बाप्यांना सांगू नको, उगी परेशान होतील."

"पंचेचाळीस वर्षं झाली गं आता!"

"तू कधी इच्यारलं?" गुणाबाईला खरोखरच नवल वाटलं होतं. "मला वाटलं, तलाठी हाय, ठाव आसंल."

ताराची पेन्सिल थांबली होती. "गुणाआजी, अजून कुणाला काही?"

"कोंडाबाई. आमची सगळ्यात थोरली. तिचं पोट वाढलं. सासू म्हणली, दिवस गेले. ओटीसुदीक भरली बाई तिची, हिरवं लुगडं नेसवून. सातव्या म्हैन्यात दवाखान्यात नेलं तर पोटात नुसतं पाणी. आत गोळा होता. बेचाळीस वर्षांची होती."

ताराच्या तोंडून बारीक हुंकार आला. "छाती आणि अंडाशय," ती स्वतःशीच म्हटल्यासारखं म्हणाली. "ह्या एकाच चुकीनं दोन्हीकडं होतं."

तिनं वर साखराबाईचं गोल काढलं आणि काळं केलं. खाली कोंडाबाईचं काळं. गुणाबाईचं कोरं. मग किशनरावांचा चौकोन, तोही कोरा, आणि त्याच्या खाली गया. तिचं गोल काळं करायला ताराला जरा वेळ लागला. वर आई काळी, खाली लेक काळी, आणि मधे किशनराव. दोघींना जोडणारी रेघ त्यांच्यातूनच जात होती. दुसरीकडून कुठूनही ती काढता येत नव्हती.

"पण मी बाप्या हाय!" किशनराव जवळजवळ ओरडलेच. "सत्तरी गाठली. मला काय झालंय? मी कुस्ती खेळलोय!"

"तुम्हाला काही व्हायलाच पाहिजे असं नाही, आबा. पुरुषाकडूनही तितकंच पुढं जातं. साधारण अर्ध्या मुलांना मिळतं, बाकीच्यांना नाही. कुणाला, हे कुणाच्या हातात नसतं."

"हा तोंडी पुरावा झाला! पंचेचाळीस वर्षांपूर्वीचा! कागद कुठाय? पंचनामा कुठाय?"

"मी काय खोटं बोलून राहिले का?" गुणाबाई कडाडली. "जेवायला बोलवून बेइज्जती करतो व्हय रे?"

"दाजी," केरबा हळूच म्हणाला. सोळा वर्षांतला पहिला थेट शब्द. "दाजी, जिवाला लावून घेऊ नका. आजून रक्ताचा रिपोर्ट कुठं आलाय? तिकडूनच आलं म्हणून कसं म्हणावं? आमच्याकडूनबी आसंल एखांद्या वक्ती."

हे मात्र किशनरावांना सहन झालं नाही. केरबानं टाळ्या पिटल्या असत्या, नाचला असता, तर त्यांना तोंड देता आलं असतं. पण हा माणूस त्यांची कीव करत होता, आणि तीही त्यांच्याच बोअरच्या पाण्यानं न्हाऊन. ते उठले आणि मागच्या अंगणात गेले.

अंगणभर गोधड्या वाळत होत्या. नागुबाई आणि त्यांची धाकटी बहीण एका मोठ्या गोधडीची दोन टोकं धरून पीळ देत होत्या आणि लहानपणीचं काहीतरी आठवून हसत होत्या. किशनरावांना आठवेना, ही बाई शेवटची कधी अशी हसली होती. ते भिंतीच्या सावलीत उभे राहिले आणि त्यांना लाज वाटली. नुसतं वाईट वाटलं नाही, लाज वाटली. लेक गेली तेव्हा ह्या बाईच्या गळ्यात पडून रडायचं सोडून त्यांनी तिला आरोपी केलं होतं, कारण कुणीतरी आरोपी असला की दुःखाचा निकाल लावल्यासारखं वाटतं. आणि तिनं एकदाही उलटून विचारलं नव्हतं, की माझीही लेक होती ना?

मागून पावलं वाजली. सुमन आणि तारा होत्या.

"बाबा," सुमन म्हणाली. ती कधी आवाज चढवायची नाही, आत्ताही चढवला नाही. "तुमचं चुकलं का बरोबर, ते तुम्ही आन् माय बघा. मला दोन पोरी हायत. रोज न्हाताना मी छाती चाचपून बघते आन् रोज वाटतं, आज लागंल हाताला. ताईला लागली तशी. तुम्ही रक्त दिलं आन् माझंबी तपासलं तर मला कळंल, भ्यायचं का न्हाई. भ्यायचं आसंल तर नांदेडला सहा म्हैन्याला जाऊन तपासून येईन. पर हे असं नको."

किशनरावांनी नातीकडं बघितलं. "आन् तुझं रक्त? तुझं बी घ्यावं लागंल की."

"माझं झालंय, आबा. दोन महिन्यांपूर्वीच. सरांकडं पाकीट आहे."

"काय आलं?"

"उघडलेलं नाही."

"कामून? तूच तर शिकलीस त्यातलं!"

"भ्या वाटलं," तारा म्हणाली, आणि तिचा चेहरा दहा वर्षांच्या मुलीसारखा झाला. लोकांना दोन वर्षं धीर देत हिंडणारी ही पोरगी. हॉटेलातली माणसं जिच्या नावानं रिपोर्ट घेऊन येत होती, ती. किशनरावांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. तो ठेवताना त्यांच्या लक्षात आलं, की ते चुकीचं अक्षर असलंच, तर ह्याच हातातून गेलंय.

ते आत गेले आणि सिस्टरपुढं बसले.

"फॉर्म दाखवा."

संमतीपत्र चार पानांचं होतं. ते त्यांनी पहिल्या अक्षरापासून शेवटपर्यंत वाचलं. दुसऱ्या पानावर एक वेलांटी दुरुस्त केली. सिस्टर घड्याळ बघत होती. शेवटच्या पानावर साक्षीदाराची जागा होती. किशनरावांनी पेन काढलं, सही केली, 'पाहिले' लिहायला गेलेला हात आवरला आणि मान न वळवता हाक मारली.

"केरबा. इकडं ये. साक्षीदार म्हणून सही कर."

केरबा आला. त्याची सही ओळीच्या खाली गेली. एरवी किशनरावांनी नवा फॉर्म मागवला असता.

"पत्ता लिहू का?" केरबानं विचारलं.

"लिही. जिल्हा लातूरच लिही. अजून हाय तोवर."

केरबा खो खो हसला, आणि हसता हसताच टॉवेल डोळ्यांना लावला. सिस्टरनं किशनरावांच्या दंडाला रबराची पट्टी आवळली. तेवढ्यात ओल्या हातांनी नागुबाई दारात येऊन उभ्या राहिल्या. कुणीतरी त्यांना सगळं सांगितलं होतं, हे त्यांच्याकडं बघूनच कळत होतं.

"नागुबाई," किशनराव म्हणाले.

माजघरातली माणसं चमकली. लग्नाला अठ्ठेचाळीस वर्षं झाली होती आणि चारचौघांत त्यांनी बायकोला नावानं हाक मारलेली कुणी ऐकली नव्हती. नागुबाईंनीही नाही.

"ते माझ्याकडून गेलं आसंल," किशनराव म्हणाले. "तुझ्याकडून न्हाई. गयाचं मी तुला सोळा वर्षं उगंच बोललो."

"आसंल काय म्हणतो, हायच," पलंगावरून गुणाबाई म्हणाली.

"गप गं आत्या," सुमननं तिला दटावलं.

नागुबाईंच्या हातातून पाणी ठिबकत होतं. मग त्या चार पावलं आत आल्या आणि नवऱ्यासमोर उभ्या राहिल्या.

"सोळा वर्षं बोललात," त्या म्हणाल्या. "आता मी बोलू का सोळा वर्षं?"

"बोल," किशनराव म्हणाले. "बोल तू. मी ऐकतो."

सिस्टरनं सुई टोचली. नागुबाईंनी त्यांची वळलेली मूठ हातात घेतली आणि तिचं एकेक बोट सोडवत गेल्या.

"मग त्याला तुम्ही जगाया पायजे," त्या म्हणाल्या. "ही पोरगी सांगंल ते सगळं तपासून घ्यायचं. गोळ्या दिल्या तर घ्यायच्या. मधीच कुठं जायचं न्हाई. मला लई बोलायचं हाय."